देहाची साक्ष

कीर्तनाला पखवाजाची साथ करण्यात माझी हयात गेली. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी या पट्ट्यात सप्ताह कुठेही लागो, माझी जागा ठरलेली असायची. आता साथीला शिष्य जातात आणि मी घरी शिकवतो. नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी एक पथ्य सांगतो : उजवा हात कोरडा हवा. डाव्या पुडीला आपण ओली कणीक लावतो, तिथे ओल चालते. उजव्या पुडीवरच्या शाईला ती सोसत नाही. ओला पंजा पडत राहिला की शाई भुसभुशीत होते, तिच्या कपच्या निघतात आणि नाद बसतो.

माझ्याकडे एक मुलगा शिकायला होता. बोल तोंडपाठ, लय पक्की, कान तयार. पण त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. वैशाखात सगळ्यांनाच सुटतो तसा नव्हे. पौषातल्या पहाटे बाकीची पोरं हातावर हात चोळून ऊब आणत असताना याच्या बोटांच्या टोकांवरून थेंब ओघळायचे. मांडीखाली पंचा, खिशात रुमाल, शेजारी पावडरचा डबा. चौगुण सुरू झाली की थाप निसटायची. शाळेत मनगटाखालचं पान भिजून फाटायचं, शाई फुटायची. परीक्षेत पर्यवेक्षक दोनदा येऊन खिसे तपासून जायचे, कारण घामाघूम झालेला पोरगा त्यांना चोर वाटायचा. वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावण्याआधी तो तळवे शर्टाला पुसून घ्यायचा. झोपेत मात्र हात कोरडे ठणठणीत असतात, असं त्याची आई सांगायची.

गावानं या घामावर दोन निकाल दिले. एक म्हणाले, पोरगा भित्रा आहे. मन खंबीर केलं की हात आपोआप सुकतील. दुसरे, आणि त्यांत एक चांगले अभ्यासू महाराजही होते, म्हणाले की हा अष्टसात्त्विक भावांपैकी स्वेद आहे. मृदंगावर हात पडताच घाम फुटतो, म्हणजे मागच्या जन्मीची भक्ती उमटते आहे, तिला धक्का लावू नका. डॉक्टरांनी तिसरीच गोष्ट सांगितली. औषधांनी भागलं नाही तर छातीतली एक शीर तोडता येते. तेव्हा मुलाचे वडील माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, माळकरी. म्हणाले, “गुरुजी, देवानं दिलेल्या देहातली धडधाकट शीर कापायची, हे बरं का? यात पाप तर नाही ना?”

त्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. शीर कोणती, ती काय करते, ती तोडली तर काय होतं, हे कळल्याशिवाय धर्म सांगणं म्हणजे आंधळ्यानं वाट दाखवणं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, छातीच्या आत, बरगड्यांच्या मुळांवरून एक पांढरट दोरी खाली उतरते. तिला ठरावीक अंतरावर गाठी असतात. माळेत मणी ओवावेत तशी ती दिसते. शाळेच्या पुस्तकात तिला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात, डॉक्टर सिंपथेटिक म्हणतात. घाम काढणं, रक्तवाहिन्या आवळणं, अंगावर काटा आणणं, काळजाचे ठोके वाढवणं, डोळ्याची बाहुली मोठी करणं ही तिची कामं. यांतलं एकही काम आपल्याला विचारून होत नाही. अंगभर पसरलेल्या लाखो घर्मग्रंथी उन्हाच्या तापानं पाझरतात. तळहात आणि तळपायाच्या ग्रंथी मात्र मनातल्या हालचालीला अधिक लवकर जाग्या होतात. काहीजणांत लहानपणापासून किंवा वयात येताना या ग्रंथींना मिळणारा हुकूम गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. पुष्कळदा घरात आणखी कुणाला तरी तेच असतं. मन भित्रं असल्यानं हे होत नाही. उलट हात भिजतो, लोक बघतात, म्हणून मन बिचकतं.

उपाय पायरीपायरीनं असतात. रात्री लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध. पाण्याच्या ताटात हात ठेवून सौम्य वीज सोडायची. काही गोळ्या. तळहातात बोटॉक्सची इंजेक्शनं, ज्यांचा गुण काही महिने टिकतो. हे सगळं थकलं की मग शस्त्रक्रिया. पूर्ण भूल देऊन, काखेखाली लहानशा छिद्रांतून दुर्बीण आत घालतात, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ बसवतात आणि तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या पातळीवर ती दोरी जाळतात, तोडतात किंवा तिला क्लिप लावतात. मग दुसरी बाजू. टेबलावरच तळहात कोरडा आणि गरम होतो.

या शिरेचा इतिहासही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. १८८९ मध्ये विल्यम अलेक्झांडर यांनी ती अपस्मारासाठी कापली. १९१६ मध्ये थॉमस जोनेस्को यांनी हृदयशूळासाठी कापली. घामासाठी ती कापल्याची नोंद १९२० ची, कोत्झारेफ यांची. अपस्मारावरचा तो उपाय पुढे मागे पडला. शहाणी, हुशार माणसंसुद्धा एकाच शिरेवर वेगवेगळ्या दुखण्यांचा आळ घेत आली. म्हणून कात्री उचलण्याआधी आणि कात्रीला पाप म्हणण्याआधी, दोन्ही वेळा थांबून विचार करायला हवा.

तो विचार करायला नेवाशासारखी जागा नाही. प्रवरेच्या काठी, आजही आम्ही ज्याला पैस म्हणतो त्या खांबाला टेकून ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. त्या गीतेची सुरुवातच शरीराच्या तक्रारीनं होते. दोन सैन्यांच्या मधोमध अर्जुन उभा आहे. समोर आजोबा, गुरू, भाऊबंद. त्याचं अंग गळून जातं, तोंड कोरडं पडतं, शरीर कापतं, अंगावर काटा येतो, त्वचेचा दाह होतो आणि गांडीव हातातून निसटतं. आजचा डॉक्टर ही यादी वाचून सांगेल की अनुकंपी चेतासंस्था खवळली आहे. पखवाज्याच्या हातून निसटलेली थाप आणि धनुर्धराच्या हातून निसटलेलं धनुष्य यांत शरीराच्या बाजूनं फारसा फरक नाही. यावर भगवंतांनी अर्जुनाची चांगलीच कानउघाडणी केली. त्यावरून आपण सरसकट ठरवून टाकलं की कापणारा हात म्हणजे दुबळं मन.

पण तीच गीता अकराव्या अध्यायापर्यंत वाचत या. अर्जुनाला विश्वरूप दिसतं. पुन्हा त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पुन्हा तो थरथर कापतो, हात जोडून, अडखळत बोलतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय सांगतो की हा संवाद ऐकून माझ्याही अंगावर रोमांच आले. तेच कापणं, तोच काटा, तीच शीर. पहिल्या वेळी मोह म्हणून तिची संभावना झाली आणि अकराव्या अध्यायात ती दर्शनाची खूण ठरली. शरीरानं दोन्ही वेळा तेच केलं. बदललं होतं ते अर्जुनाच्या समोर काय आहे आणि त्याचं मन कुठे गुंतलं आहे, एवढंच.

मला गीतेतून या प्रश्नापुरतं जे कळलं ते हे : देह लक्षणं दाखवतो, साक्ष देत नाही. कापऱ्या हाताकडे बघून माणूस भ्याला आहे की भारावला आहे, हे सांगता येत नाही. ओल्या हाताकडे बघून तर काहीच सांगता येत नाही, कारण अनेकदा तिथे मन भ्यालेलंही नसतं आणि भारावलेलंही नसतं.

याला एक आक्षेप आहे, आणि तो त्या अभ्यासू महाराजांनी माझ्यापुढे ठेवला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची अवस्था वर्णिली आहे. वाचा थांबते, डोळे अर्धे मिटतात, पाणी झरतं, आणि रोमारोमाच्या मुळाशी उभे राहिलेले घामाचे कण ज्ञानोबारायांना मोत्यांसारखे दिसतात. शेजारीच धृतराष्ट्र बसला आहे. तेच शब्द त्याच्याही कानांवर पडले, पण तो होता तसाच राहिला. महाराज म्हणाले, “बघा गुरुजी, भक्ताला घाम आला आणि आंधळ्या राजाला आला नाही. मग घाम ही खूण नाही कशी?”

मी त्यांना म्हणालो, “महाराज, धृतराष्ट्र कोरडा राहिला म्हणून आंधळा ठरला नाही. त्याचं मन पोरांच्या जिंकण्या-हरण्यात अडकलं होतं, म्हणून त्याला ऐकू आलं तरी आत उतरलं नाही. ज्ञानोबाराय आधी संजयाच्या अंतःकरणाचं सांगतात, मग अंगाचं. आपण अंग बघून अंतःकरण ठरवतो, ही उलटी चाल आहे.” आणखी एका गोष्टीची त्यांना आठवण करून दिली. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय ही आठ भावांची यादी मुळात भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली. नटानं रस कसा उभा करावा, हे सांगताना ती आली. भक्तीची जी यादी भागवतानं दिली, तिच्यात श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन आहे. या नऊंत घाम नाही, रोमांच नाही, डोळ्यांतलं पाणीही नाही. नऊच्या नऊ गोष्टी माणसानं करायच्या आहेत. आपोआप होणारी एकही नाही. महाराज मोठ्या मनाचे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पोराला डॉक्टरकडे घेऊन जा.”

आपल्याच जिल्ह्यातली, शिर्डीची, दुसरी गोष्ट मला याच संदर्भात फार मोलाची वाटते. घाम सुटणाऱ्या हाताची लाज वाटणाऱ्यानं घाम न सुटणारा हात कधी जवळून पाहिलेला नसतो. कुष्ठरोगात हाताच्या मज्जातंतूंची हानी होते. तिथली स्पर्शाची जाणीव जाते आणि घामही जातो. चट्ट्यावर घाम येतो की नाही, हे बघणं रोग ओळखण्याची एक जुनी खूण आहे. कोरडी पडलेली कातडी तडकते, भेगांत माती जाते, जखम होते आणि दुखत नाही म्हणून वाढत राहते. घाम हातासाठी काय करतो, हे तिथे कळतं.

शिर्डीत भागोजी शिंदे यांना हा रोग होता. साईचरित्रात दाभोळकरांनी सांगितलं आहे की १९१० च्या दिवाळीत साईबाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. मुंबईहून डॉक्टर आले, पण त्या हाताला रोज तूप चोळण्याचं आणि पट्टी बांधण्याचं काम बाबांनी भागोजींकडेच ठेवलं. महारोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, रोग्याची सावलीही नको, असं मानणारा तो काळ. त्या काळात बाबांनी आपला भाजलेला हात भागोजींच्या हातात दिला. रोग हा पापाचा दाखला नाही, हे सांगायला त्यांनी प्रवचन केलं नाही. शिर्डीला आपल्या घरचे लोक वर्षातून कितीदा जातात! ही एक कृती त्यांनी मनावर घेतली तर गावोगावच्या कितीतरी रोग्यांचा वनवास संपेल.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण याच शिरेची शस्त्रक्रिया माझ्या थोरल्या भावावरही झाली. दादाला घामाचा त्रास नव्हता. त्याचा हात थंड पडायचा. विडी त्याच्या बोटांत मिसरूड फुटल्यापासून होती. चाळिशीच्या आतच त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गार पडली, पांढरी झाली, मग निळी. टोकाला जखम झाली ती भरेना. चालताना पोटऱ्या दाटून यायच्या. रात्री वेदनेनं झोप लागायची नाही, तेव्हा तो खाटेवरून पाय खाली सोडून बसायचा, म्हणजे थोडं रक्त उतरायचं आणि थोडं बरं वाटायचं. डॉक्टरांनी रोगाचं नाव बर्जर सांगितलं. न्यूयॉर्कचे लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांत हा प्रामुख्यानं दिसतो. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या होतात आणि टोकाची बोटं उपाशी पडतात.

अनुकंपी शीर रक्तवाहिन्या आवळून धरते. ती तोडली की त्या सैल होतात, कातडीला रक्त मिळतं, हात गरम होतो. बंद पडलेली वाहिनी काही त्यानं उघडत नाही. पण जखम भरायला, वेदना कमी व्हायला काही रुग्णांना मदत होते. दादाला झाली. जखम सुकली. तो हात चादरीबाहेर काढून सगळ्यांना लावून बघायला सांगायचा, “बघ, कसा ऊन झालाय.” डॉक्टरांनी बजावलं होतं की या रोगाला खरं औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद, दिवसाला एक-दोन विड्याही रोग जिवंत ठेवायला पुरतात. दादानं काही महिने पाळलं. मग गोठ्यामागे लपून सुरू झालं. तर्जनी गेली.

लोक भेटायला यायचे आणि उठताना म्हणायचे, “केल्याचं फळ, दुसरं काय!” काहीजण तर त्याच्या तोंडावर म्हणायचे. मुलाच्या घामात गावाला मागचा जन्म दिसला होता, दादाच्या बोटात हा जन्म दिसला. न्यायासनावर बसायची हौस दोन्हीकडे सारखीच.

यात मी एक भेद करतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कारण सांगणं वेगळं, निकाल देणं वेगळं. विडीमुळे रोग बळावला, हे कारण आहे, ते खरं आहे आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं, कारण त्यातूनच उपाय निघतो. “त्याच्या लायकीचं मिळालं” हा निकाल आहे, आणि तो द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. आमच्या जिल्ह्यात संगमनेर, अकोले भागात आणि नगर शहरातल्या पद्मशाली वस्तीत बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी विड्या वळून घरं चालवली. विडी ओढणारे घरोघरी होते. त्यांतल्या फार थोड्यांना बर्जर झाला. दादाच्याच बैठकीतले त्याच्याहून जास्त ओढणारे म्हातारे होऊन, बोटं शाबूत ठेवून गेले. कर्माचा हिशोब इतका सरळ असता तर तो कुणालाही वाचता आला असता. गीता मला माझ्या कर्माबद्दल सांगते. शेजाऱ्याच्या बोटाचं खातं तपासायला ती सांगत नाही. आणि शल्यविशारदाच्या दुर्बिणीखाली ती शीर निर्दोष मुलाची असो की विडीबाज माणसाची, सारखीच पांढरी दिसते.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. धडधाकट शीर कापण्यात पाप आहे का?

देह जसा मिळाला तसाच राखावा, असा नियम आपण कधीच पाळलेला नाही. बाळाची नाळ कापतो, कान टोचतो, म्हाताऱ्याचा मोतीबिंदू काढतो. उलट सतराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराला उगीच क्लेश देणाऱ्या तपाची निंदा केली आहे. टळणारं दुःख भक्ती म्हणून सोसत राहणं हे तप नव्हे. म्हणून मी म्हणालो, “पाप नाही. पण किंमत आहे, आणि ती माहीत असल्याशिवाय पोरगा कबूल झाला तर आपल्या सगळ्यांना दोष लागेल.”

किंमत अशी. तळहाताचा घाम थांबतो, तेव्हा पाठ, छाती, पोट आणि मांड्यांना अनेकदा जास्त घाम सुटू लागतो. पुष्कळांना तो थोडाफार असतो, काहींना इतका की आधीचं दुखणंच परवडलं असं वाटावं. कुणाला किती येईल, हे आधी सांगता येत नाही. एकदा तोडलेली शीर पूर्ववत होत नाही. क्लिप काढली तरी आधीची स्थिती परत येईलच अशी खात्री नाही. शीर नको तिथे वर दुखावली तर डोळ्याची पापणी खाली येते. हात इतके कोरडे पडतात की काहींना त्यांना रोज तेल, मलम लावावं लागतं. आमच्या भागातला मे महिन्याचा उन्हाळा लक्षात घेऊन हे सगळं तोलायचं. डॉक्टरांनी त्या मुलाला हे न लपवता सांगितलं, आणि लगेच तारीख देण्याऐवजी आधी बाकीचे उपाय करून ये म्हणाले. त्या डॉक्टरांना मी धर्मनिष्ठ म्हणतो.

मुलानं औषध लावलं, विजेचे उपचार घेतले. करत होता तोवर गुण यायचा, थांबला की घाम परत. काही वर्षं अशी काढून, अंगानं आणि समजेनं पुरता मोठा झाल्यावर त्यानं स्वतः ठरवून शस्त्रक्रिया करून घेतली. हात कोरडे झाले. पुडी टिकू लागली. त्याची थाप आता इतकी स्वच्छ पडते की डोळे मिटून ऐकावी. वैशाखातल्या सप्ताहात मंडपाखाली त्याचा सदरा पाठीला चिकटतो, धोतर मांड्यांना चिकटतं. तो मध्यंतरात कपडे बदलतो आणि पुन्हा उभा राहतो. ही किंमत त्याला आधी ठाऊक होती, म्हणून ती तो कुरकुर न करता देतो.

एक गोष्ट मात्र त्याला कुणी सांगितली नव्हती. काही दिवसांनी तो माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, “गुरुजी, पूर्वी कीर्तनात जय जय रामकृष्णहरीचा गजर चढला की दंडांवर काटा यायचा. आता येत नाही. पायांवर येतो, हातांवर नाही. माझं काही कापलं गेलं का?”

शरीराच्या बाजूनं त्याचं म्हणणं बरोबर होतं. काटा आणणारे तंतूही त्याच दोरीतून जातात. त्याला हे खोटं आहे असं मी सांगितलं नाही, आणि काही गेलंच नाही असंही म्हटलं नाही. एक सुख गेलं, ते गेलं. शस्त्रक्रियेआधी हेही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. पण मी त्याला विचारलं, “गजर ऐकताना तुझं लक्ष कुठे असतं?” म्हणाला, “गजरात.” मी म्हणालो, “मग तुझं काही कापलेलं नाही. काटा यायचा तेव्हाही भक्ती काट्यात नव्हती. तू ऐकतोस, वाजवतोस, नाव घेतोस. कुठलीही कात्री तिथवर पोहोचत नाही.” तसं नसतं तर लकवा झालेल्या माणसाला, महारोग्याला, म्हातारपणी ज्याच्या अंगावर काटाच उमटत नाही अशा माणसाला देव बंद झाला असता. संतांचा देव तसा नाही.

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालं आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. हात आपलं काम करू शकत नसेल, जखम भरत नसेल, वेदना झोपू देत नसेल, तर उपचार घेणं हा धर्म आहे. पण केवळ लोक हसतात म्हणून, मुलगी बघायला आलेल्यांना ओला हात लागला म्हणून कुणी छातीतली शीर तोडून घ्यायला निघालं असेल, तर आधी त्या हसणाऱ्यांनी सुधारायला हवं. आपल्या लाजेची किंमत दुसऱ्यानं जन्मभर पाठीवरच्या घामानं का द्यावी?

आईबापांना माझी विनंती आहे : मुलाचे तळहात भिजत असतील तर त्याला भित्रा म्हणू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, शस्त्रक्रियेचं नाव निघालं तर शेवटची पायरी म्हणूनच तिचा विचार करा आणि तिचे सगळे परिणाम विचारून घ्या. कीर्तनकार मंडळींना विनंती : व्यासपीठावरून कुणाच्या अंगावरच्या खुणांवरून त्याचं पाप-पुण्य सांगू नका, लोक तुमचा शब्द ऐकतात. आणि विडी ओढणाऱ्या माझ्या भावांनो, बोट थंड पडू लागलं असेल तर कुणाच्या निकालाची वाट बघू नका. आज डॉक्टरकडे जा, आणि आजच विडी टाका. एकही ठेवू नका.